स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेली सुई

या गं, सरका जरा जवळ. आणि सुमन, आधी तो पाय हलवायचं थांबव. बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते, हे तुला लहानपणापासून सांगतेय. का सांगतेय ते या वेळी शेवटी कळेल.

मी रागावलेय तुमच्यावर. दळणाचे डबे घेऊन येता, गिरणी चालू असताना विचारता, "शालनमावशी, पुण्याकडं काय बघितलं?" मी सांगायला लागते, पट्टा फिरत असतो, तुम्हाला दोन शब्द ऐकू येतात आणि उरलेले दहा तुम्ही मनचे घालता. परवा तर कळलं, वेशीपर्यंत बातमी पोचलीय की माझी भाची कॅन्सर तयार करते आणि मी तिकडं स्कूटर पंक्चर झाली म्हणून अडकून पडले होते. कमाल आहे तुमची! म्हणून हे सगळं लिहून काढलं. मी शाळेत किती गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. पिशव्यांवरची आणि पुड्यांच्या कागदावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली बाई मी. चुका निघतील, त्या काढा. पण आधी पुरतं वाचा.

सोमवार, निगडी ते पुनावळे

भाची म्हणजे मुग्धा, माझ्या धाकट्या बहिणीची, कमलची मुलगी. कमलला जाऊन तीन वर्षं झाली. तिला आधी साखर होती, मग छातीत गाठ निघाली, आणि ती गाठ तिथं राहिली नाही, सगळीकडं गेली. त्यानंतर मुग्धा गावाला आलीच नाही. आधी अभ्यास, मग काम, आणि हल्ली फोन केला की म्हणायची, "मावशी, गुरुवारी काम असतं." मी म्हणायची, मग शुक्रवारी ये. तर शुक्रवारी त्या गुरुवारचं काम. शेवटी मी गिरणीला कुलूप लावलं, दहा किलो ज्वारीचं पीठ, शेंगाचटणीचा डबा घेतला आणि बार्शीहून निघाले.

सकाळी निगडीला उतरले. बसथांब्यावर ही गर्दी! सगळ्यांच्या गळ्यात फोटोचं कार्ड. आपल्याकडं थांब्यावर भेटलेलं माणूस विचारतं, कुठल्या गावच्या? तिथं शेजारच्या बाईनं मला विचारलं, "मावशी, कुठल्या शिफ्टला?" डोक्यावर पिठाची पिशवी बघून तिला वाटलं असेल मी कॅन्टीनला भाकऱ्या करते. मी म्हटलं, "पहिल्याच." ती म्हणाली, "मग उशीर झाला की तुम्हाला." आणि माझी काळजी करत बसमध्ये चढून गेली.

मुग्धा पुनावळ्याला राहते, नवव्या मजल्यावर. पुनावळे काल-परवापर्यंत गाव होतं म्हणे. आता उंचच्या उंच इमारती. पण त्यातल्या दोन इमारतींच्या सावलीत मला मेथीचे वाफे दिसले आणि त्यात वाकलेली एक म्हातारी. खिडकीतून तिच्याकडं बघत मी चहा प्यायले तेव्हा कुठं बरं वाटलं.

दुपारी मुग्धा मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिचं पीएच.डी. होऊन दोन वर्षं झाली, त्यानंतरचं हे संशोधन. त्याला पोस्टडॉक म्हणतात. मी विचारलं, "म्हणजे शिकून संपल्यावरही शिकायचं?" ती म्हणाली, "आत्ता तर सुरुवात झाली." संस्थेची इमारत औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. मला वाटलं होतं दवाखान्यासारखा वास येईल. तसं काही नाही. चपला बाहेर काढायच्या देवळासारख्या, पण आत जाताना पायात निळ्या पिशव्या चढवायच्या. अंगावर पांढरा डगला. मला तो डगला बाह्यांत इतका लांब झाला की मुग्धानं लहान मुलाच्या दुमडाव्यात तशा बाह्या दुमडल्या.

मग तिनं एका उबदार कपाटातून दोन चपट्या डब्या काढल्या. दोन्हींत गुलाबी पाणी.

"हे काय सरबत?"

"पेशींचं जेवण आहे ते. पिऊ नकोस."

सूक्ष्मदर्शकातून बघितलं. काचेवर चिकटलेल्या, पसरट, मधे ठिपका असलेल्या पेशी. फरशीवर सांडलेला भिजलेला साबुदाणा थोडा दबून चपटा झाला तर दिसेल तशा.

"ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे?"

"अगं, ज्या बाईच्या गाठीतल्या आहेत ती बाई कोण?"

मुग्धा म्हणाली, "खूप वर्षांपूर्वीची कुणीतरी. नाव मला माहीत नाही. ती गेली, पण पेशी वाढत राहिल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाटल्या गेल्या."

मी त्या डब्यांना नमस्कार केला. मुग्धा हसली नाही.

आता लक्ष देऊन वाचा, कारण इथंच तुम्ही घोळ घातला. मुग्धा कॅन्सर तयार करत नाही. एका डबीतल्या पेशींच्या जेवणात निरोगी माणसाच्या रक्तात असते तितकी साखर. दुसरीत, माझ्यासारख्या साखर असलेल्या बाईनं औषधं चुकवली तर जितकी होईल तितकी. अशा त्या तीन आठवडे वाढवायच्या. मग बघायचं, साखरेत वाढलेली पेशी दाबली तर कडक लागते की मऊ. का, तर मऊ पेशी अरुंद फटीतून निसटते. गाठीतून निघून दुसऱ्या जागी जायचं तर अशा फटींतूनच जावं लागतं.

मला हे लगेच कळलं. मी तरी दुसरं काय करते? जात्याखालून पडलेलं पीठ चिमटीत घेते, अंगठा फिरवते, आणि सांगते अजून बारीक पाहिजे. मुग्धाची चिमूट म्हणजे एक सुई. आपल्या सुईसारखी नाही. पापणीच्या केसाहून बारीक एक पट्टी आणि तिच्या टोकाला काटा. तो काटा पेशीवर अलगद टेकवायचा, हलकासा दाबायचा. पट्टी किती वाकली त्यावरून पेशी किती मऊ ते कळतं. एकेक करत चाळीस पेशी या डबीतल्या, चाळीस त्या डबीतल्या.

"दाखव की," मी म्हटलं.

तिनं सुई नुसती पाण्यात धरली. पडद्यावर एक रेघ उमटली. ती विहिरीतल्या पाण्यासारखी शांत पाहिजे होती, पण थोड्या थोड्या वेळानं टुणकन उडत होती. उडी, थांबणं, उडी, थांबणं. मी पायातल्या निळ्या पिशव्या काढल्या आणि तळवे फरशीला टेकवले. मग सांगितलं, "ही तुझी सुई नाही उडत. पलीकडं कुणीतरी लोखंड ठोकतंय."

मुग्धा बघतच राहिली. तिला हे शोधायला म्हणे पंधरा दिवस लागले होते. भिंतीपलीकडं गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणारी कंपनी आहे. कानाला काहीच ऐकू येत नाही, पण सुईला येतं. एरवी हे यंत्र हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर असतं. टेबलाच्या पायात रबरी पिशव्या असतात, त्यातली एक फाटली. नवी यायला दोन महिने. म्हणून मुग्धा मोजमाप फक्त गुरुवारी करते. त्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. गुरुवारी ती पत्रे दाबायची यंत्रं, म्हणजे प्रेस, बंद आणि जमीन शांत.

तर हे होतं गुरुवारचं काम. आणि मी इकडं गावात बसून म्हणत होते, पोरगीला मावशी नकोशी झाली.

एकच प्रयोग तीनदा करून तीनदा तसाच यावा लागतो. मुग्धाचा दोनदा झाला होता. तिसऱ्याच्या पेशी या गुरुवारी तयार होणार होत्या. शुक्रवारी त्या डबीत इतकी दाटी होते की मोजून उपयोग नाही. आणि महिनाअखेरीला तिची नेमणूक संपत होती. तीन मोजमापं पूर्ण असली तर तिच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मुदतवाढ मागणार. नसली तर मागायला तोंड नाही. पुन्हा पेशी वाढवायच्या तर तीन आठवडे, तेवढे दिवसच उरले नव्हते.

मंगळवार, चाकण

सकाळी संस्थेच्या फाटकाशी वॉचमननं मुग्धाला सांगितलं, "मॅडम, या गुरुवारी शेजारची कंपनी चालू हाय बरं का. अर्जंट ऑर्डर. तिन्ही शिफ्टला ओव्हरटाइम."

मुग्धाचा चेहरा मी कमलच्या आजारपणात दवाखान्यात बघितला होता तसा झाला. तिनं फाटलेली रबरी पिशवी कपाटातून काढली आणि म्हणाली, "मावशी, चाकणला चल."

चाकणच्या रस्त्याबद्दल लिहीत नाही. ट्रकच्या मागं ट्रक, त्याच्यामागं आपण, इतकंच. पण त्या गावचं मला नवल वाटलं. एका बाजूला कांद्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला जाळीच्या कुंपणामागं नव्या कोऱ्या गाड्यांच्या रांगा, आपल्याकडं बाजाराच्या दिवशी बैल बांधतात तशा ओळीनं.

तिथं रबरी भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या मालकांनी पिशवी हातात घेतली, ताणली, उजेडात धरली, खिशातलं मोजायचं यंत्र काढून तिची जाडी चार ठिकाणी मोजली. मग नाराज होऊन म्हणाले, "हे परदेशातलं का? इथं कडेला बघा, धार ठेवलीय. म्हणून फाटलं. आमच्याकडं हे तपासणीत पासच झालं नसतं."

"मग चांगली करून द्या की," मी म्हटलं.

"देतो. ड्रॉइंग आणलंय?"

"पिशवीच आणलीय, ड्रॉइंग कशाला?"

"मावशी, ड्रॉइंगशिवाय आम्ही खिळा पण ठोकत नाही. ड्रॉइंग, मग साचा. साच्यालाच आठ दिवस."

आपल्याकडचा सुतार जुनी खुर्ची बघून नवी करतो. इथं जुनी वस्तू हातात असली तरी आधी तिचं चित्र पाहिजे. मला गंमत वाटली, मुग्धाला रडू येत होतं.

भूक लागली म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. समोर गरम जिलबी तळत होते. मी एक मागवली. फार नाही, एकच. मुग्धा माझ्याकडं बघायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही."

पण त्या दुसऱ्या डबीकडं ती जशी बघते ना, अगदी तशी बघत होती. मी अर्धी जिलबी खाली ठेवली.

हॉटेलशेजारी पंक्चरचं दुकान होतं. मालक करमाळ्याचे निघाले, बापू म्हणून. मी बार्शीची कळल्यावर, "आवं मग शेजारच्याच की तुमी!" म्हणून त्यांनी लगेच चहा मागवला. दुकानात हवा भरायचा कंप्रेसर धडधडत होता. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच लाकडी फळीवर माझी चहाची बशी. मी बशीकडं बघत होते. चहावर एक तरंग उठत नव्हता.

"बापू, तुमचा कंप्रेसर एवढा थरथरतोय, फळी कशी हलत नाही?"

बापूंनी बोट खाली दाखवलं. कंप्रेसरच्या खाली एक जुनी ट्यूब होती, बसल्या म्हशीच्या पोटासारखी बाजूला सुटलेली. "ट्यूबेवर बसवलाय. न्हाईतर फळी सोडा, भिंत तडकंल."

मी माझ्या गिरणीच्या मोटारीखाली टायरचे तुकडे घातलेत, तुम्ही बघितलेत. पण ते मोटार हलू नये म्हणून. बाहेरचा हादरा आत येऊ नये म्हणून असं काही करता येईल, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मुग्धालाही त्याच वेळी सुचलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"जड दगड पाहिजे," ती म्हणाली. "ट्यूबांवर दगड, दगडावर यंत्र. आमच्या टेबलाचंही तत्त्व तेच आहे, मावशी! मी पिशवीच शोधत बसले."

बापूंनी स्कूटरच्या दोन ट्यूबा काढल्या. "हवा किती भरू?"

"भरा की कडक," मी म्हटलं. "ढिलं काम मला आवडत नाही."

बापू काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला आणि ते तिकडं वळले. दोन ट्यूबा दोन्ही दंडांत घालून मी परतीच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "आजी, पोहायला निघाला का?"

बुधवार, थेरगाव

दगडासाठी थेरगावला गेलो. डांगे चौकाच्या बाजारात काय मिळत नाही? लातूरच्या डाळीपासून कोकणातल्या सोलांपर्यंत सगळं, कारण राहायला आलेली माणसंच सगळीकडची. एका गल्लीत स्वयंपाकाचे ओटे बनवणारे बसतात. आम्ही कडप्प्याची जाड फरशी मागितली.

"ओटा कुठं बसवायचाय?"

"ओटा नाही. तिच्यावर सुई ठेवायचीय," मुग्धा म्हणाली.

दुकानदारानं फरशीकडं बघितलं, मग आमच्याकडं. "एका सुईला एवढा दगड?" नंतर आपल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "कडा घासून दे रे, ताईंच्या सुईला लागायला नको."

छोट्या हत्तीत, म्हणजे त्या बारक्या टेम्पोत, फरशी घालून आम्ही संस्थेत आलो. मुग्धानं मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "यंत्राला ओरखडा आला नाही पाहिजे. बाकी तुझं तू बघ."

मुग्धा टेबलाची जुळवाजुळव करत होती तेव्हा मी एकटीच भिंतीपलीकडच्या कंपनीत गेले. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. फाटकावर माझी चौकशी झाली आणि शेवटी सुपरवायझर बाहेर आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पुनावळ्याचेच जुने रहिवासी. शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि ते कंपनीत लागले. मेथीच्या वाफ्यातल्या म्हातारीबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "ती आमची आईच! सांगून ऐकत न्हाई. वाफा सोडत न्हाई."

मी आल्याचं कारण सांगितलं.

"बंद?" तात्या म्हणाले. "आजी, ही लाईन बंद पडली ना, तर वरनं इतकं फोन येतील की माझा कान गळून पडंल."

"तुमच्या हातात काय आहे तेवढं सांगा."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या हातात जेवणाची सुट्टी हाय. एरवी दोन तुकड्यांत सोडतो, म्हंजी अर्ध्या प्रेस चालू राहत्यात. उद्या सगळ्यांना एकदमच सोडतो. साडेबारा ते एक. व्हय, अर्धा तास सगळं गप्प."

"देव भलं करो तुमचं."

"पण काय हो आजी, आमच्या म्हातारीलाही साखर हाय. गुळाचा चहा चालतो ना?"

मी मुग्धाच्या वतीनं सांगून टाकलं, "नाही चालत. मलाही वाटायचं चालतो."

गुरुवार, प्रयोगशाळा

सकाळीच यंत्र दगडावर, दगड ट्यूबांवर. चौघांनी मिळून उचललं, मी फक्त "हळू, हळू" म्हणायला. मुग्धानं सुई पाण्यात सोडली. आम्ही सगळे पडद्याकडं.

टुणकन. टुणकन. टुणकन.

जशी सोमवारी उडत होती तशीच. तसूभरही फरक नाही. मुग्धा म्हणाली, "असू दे मावशी, अर्धा तास तर आहे." आवाज अगदी नीट ठेवला होता तिनं. पण अर्ध्या तासात ऐंशी पेशी होत नाहीत, पंधरा होतात, हे तिनंच मला सांगितलं होतं.

साडेबाराला तळव्याखालची धडधड थांबली. तात्यांनी शब्द पाळला. रेघ सरळ झाली, किती सरळ सांगू! मुग्धानं पहिली पेशी दाबली, दुसरी दाबली. आणि रेघेला बारीक कंप आला. धप्प नाही, नुसती थरथर, एकसारखी.

"प्रेस चालू झाली?" मुग्धानं खिडकीतून बघितलं. पलीकडं माणसं झाडाखाली डबे उघडून बसलेली. मदतीला आलेल्या मुलीनं कपाटाचा पंखा बंद केला. थरथर तशीच. एसी बंद केला. तशीच. मग मुग्धा हळूच वळली. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं बघितलं.

"मावशी. पाय."

मी स्टुलावर बसून पाय हलवत होते! मी! हिच्या लहानपणी अभ्यासाला बसली की हिच्या गुडघ्यावर चापट मारून "लक्ष्मी जाईल" म्हणणारी मी. गिरणीच्या तालावर जन्म गेला, माझा पाय आपोआप चालू होतो आणि मला पत्ताच नसतो. मी दोन्ही पाय स्टुलावर घेऊन मांडी घातली आणि हात जोडले. रेघ सरळ झाली. ती मदतीची मुलगी तोंड दाबून हसत होती.

एक वाजता पलीकडं धडधड सुरू झाली. पंधरा पेशी झाल्या होत्या. मुग्धा खुर्चीत मागं टेकून बसली.

मी मात्र विचार करत होते. माझ्या पायानं सुई हलते, म्हणजे मी स्टूल हलवते, स्टूल फरशी हलवतं, फरशी ट्यूब हलवते, आणि ट्यूब तो हादरा जसाच्या तसा वर देते. मग बापूंची ट्यूब का नाही देत? मला ती आठवली. बसल्या म्हशीच्या पोटासारखी, बाजूला सुटलेली. मी खाली वाकून आपली ट्यूब चिमटीत धरली. दगड! वरचा कडप्पा आणि खालची ट्यूब, यातला दगड कुठला ते कळू नये. कडक भरा म्हणणारी कोण? मीच.

"मुग्धा, हवा सोडू का?"

"किती?"

"ते बोटाला कळेल."

तिनं सुई वर घेतली. मी केसातला आकडा काढला, ट्यूबेच्या तोंडात दाबला. फुस्स. चिमटीत धरून बघितलं. पुन्हा फुस्स. दुसऱ्या ट्यूबेचंही तसंच, दोन्ही सारख्या, नाहीतर दगड तिरका. भाकरीचं पीठ मळताना कळतं ना, आता हाताला चिकटत नाही आणि तडकतही नाही, तिथं थांबले.

मुग्धानं सुई पाण्यात सोडली. पलीकडं प्रेस चालू होती, माझ्या तळव्याला कळत होती. पडद्यावरची रेघ एकदा हळूच श्वास घेतल्यासारखी वर आली, खाली गेली, आणि सरळ झाली.

 मुग्धानं लगेच काम सुरू केलं. मी म्हटलं, "पंधरा झाल्यात, पासष्ट राहिल्या." ती म्हणाली, "नाही. त्या पंधरा बाजूला ठेवायच्या. तेव्हा हवा वेगळी होती. सगळ्या पेशी एकाच हवेवर मोजायच्या." पहिल्यापासून ऐंशी! मला वाटलं, पोरगी कमलवर गेलीय. कमल एक तांदूळ काळा दिसला तर सूपभर तांदूळ पुन्हा पाखडायची.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेवटची पेशी झाली. मी पुन्हा घातलेली मांडी तोवर सोडली नव्हती, गुडघे आखडले होते. मुग्धानं पडद्यावर ठिपक्यांचे दोन ढीग दाखवले. बरेचसे एकमेकांत मिसळलेले, पण साखरेच्या डबीतला ढीग मऊ बाजूला सरकलेला. तिसऱ्यांदाही तसाच.

मी विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी विचारलं. "म्हणजे कमलला साखर नसती, तर..."

मुग्धानं डबी बंद केली. "मावशी, हे फक्त या डबीतल्या पेशींबद्दल आहे. आईच्या अंगात काय झालं ते यावरून नाही सांगता येत." मग म्हणाली, "मी सुरुवात केली ती त्याच प्रश्नापासून. पण उत्तर एवढंच आहे आत्ता. जेवढं आहे तेवढंच म्हणायचं."

जाताना तात्या फाटकाशी उभे होते. "झालं का काम आमच्या अर्ध्या तासात?"

तुमचा अर्धा तास बाजूला ठेवावा लागला असं कसं सांगायचं? आणि खोटंही बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही गप्प झालात म्हणून तर माझा पाय ऐकू आला. तिथूनच सगळं कळलं." त्यांना काहीच कळलं नाही. पण शेंगाचटणीचा डबा दिला तो त्यांनी घेतला, आणि शुक्रवारी मी निघाले तेव्हा त्यांच्या आईनं वाफ्यातल्या मेथीच्या दोन जुड्या पाठवल्या. त्या तुम्ही खाल्ल्यात, विसरू नका.

घरी

काल मुग्धाचा फोन आला. मुदतवाढ मिळाली, एक वर्षाची. ट्यूबा अजून तिथंच आहेत, मॅडमनी त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, "हवा भरू नये". आता प्रेस चालू असो की बंद, मुग्धा कुठल्याही वारी मोजू शकते.

म्हणजे काय झालं, लक्षात आलं का? तिचा गुरुवार मोकळा झाला. तीन वर्षांनी येत्या गुरुवारी ती गावाला येतेय. आणि मीही ठरवलंय, गुरुवारी गिरणी बंद. दळण बुधवारी नाहीतर शुक्रवारी आणा.

गुरुवारी मात्र डबे न घेता या. आवाज नसेल, जे विचारायचं ते तिलाच विचारा, ती जेवढं आहे तेवढंच सांगेल. सुमन, तू तुझ्या साखरेच्या तपासणीचे कागद घेऊन ये. चहा बिनसाखरेचा मिळेल, कुरकुर चालणार नाही. लवकर या, ओसरीवर जागा धरा, आणि पाय हलवायचा असला तर हलवा खुशाल. त्या दिवशी कुणाची सुई नाही.